ग्वाल्हेर की ग्वालियर? आपल्या शहराच्या आणि लष्करातल्या मोहल्ल्यांच्या नावांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नपत्रिका छापायची वेळ आली, की लष्कर या ग्वाल्हेरच्या भागातल्या बहुतेक मराठी घरांत एकदा तरी वाद होतो. पत्ता 'ग्वाल्हेर' लिहायचा की 'ग्वालियर'? 'चिटणीसांचा गोट' की 'चिटनीस की गोठ'? पुण्या-मुंबईला गेलेली नातवंडं सुट्टीत आली, की तेच प्रश्न पुन्हा निघतात. गेली कित्येक वर्षं हे प्रश्न मला फोनवर, मंगल कार्यालयात आणि गणपतीच्या मांडवात विचारले गेले. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. शिलालेखात किंवा कागदात दिसतं ते तसं सांगितलं आहे, आणि माझा तर्क असेल तिथे तो माझा आहे असं म्हटलं आहे.

'ग्वाल्हेर' बरोबर की 'ग्वालियर'?

दोन्ही बरोबर. मराठीत लिहिताना ग्वाल्हेर, हिंदीत लिहिताना ग्वालियर. मराठीत इंदूर, झाशी, भोपाळ, बडोदे म्हणतात आणि त्याच गावांना हिंदीत इंदौर, झाँसी, भोपाल, बड़ौदा म्हणतात, तसंच हे. शहर दोन भाषांत नांदतं, तेव्हा त्याला दोन उच्चार असणारच.

'ग्वाल्हेर' हा ग्वालियरचा अपभ्रंश आहे, असं कुणी सांगितलं तर ते मात्र मानू नका. दोन्ही रूपं एकाच जुन्या नावाची लेकरं आहेत. एकीला दुसरीची चूक ठरवण्याचं कारण नाही.

मराठीत हा 'ल्हे' आला कुठून?

हा माझा आवडता प्रश्न आहे, म्हणून उत्तर थोडं लांबेल.

नावाचा पहिला भाग सरळ आहे. संस्कृत 'गोपाल', त्याचं 'गोवाल', त्याचं 'ग्वाल'. मराठीत आपण त्यालाच 'गवळी' म्हणतो. शेवटचा भाग शतकानुशतकं घासला गेला आणि प्रत्येक भाषेने तो आपल्या जिभेला बसेल तसा ठेवला. फारसी लिहिणाऱ्यांनी शेवटी लांब 'आ' देऊन 'ग्वालियार' केलं, हिंदीत 'ग्वालियर' स्थिरावलं आणि मराठीत 'ग्वाल्हेर'.

मराठी कानाला 'ल्ह' परका नाही. कोल्हा, चुलीवरचा कोल्हापुरी रस्सा, मल्हारी, विल्हेवाट, जिल्हा, असे शब्द रोज तोंडात असतात. त्यातही किल्ल्यांची नावं पाहा. बागलाणात साल्हेर आहे, त्याच्याजवळ मुल्हेर आहे. दक्षिणेतून आलेल्या शिपायाच्या कानाला डोंगरी किल्ल्याचं नाव '-ल्हेर'ने संपणं अगदी ओळखीचं होतं. उत्तरेत येऊन तसाच उंच, सुटा, कातळाचा किल्ला दिसला तेव्हा त्याने 'ग्वाल्हेर' म्हटलं असेल, असं मला वाटतं. हा माझा तर्क आहे, पण साल्हेर-मुल्हेर-ग्वाल्हेर असं एका दमात म्हणून पाहा, नाद जुळतो.

आणखी एक गोष्ट. मराठ्यांचं राज्य इथे बसण्याच्या आधीपासून महाराष्ट्रात या शहराचं नाव ओळखीचं होतं, ते भाषेमुळे. आज आपण जिला ब्रज म्हणतो त्या भाषेला पूर्वी ग्वाल्हेरच्या नावाने ओळखत. संतचरित्रकार महिपतींनी नाभादासांच्या भक्तमाळेची भाषा सांगताना ग्वाल्हेरचंच नाव घेतलं आहे. पुढे गाण्यातल्या घराण्यामुळे हे नाव घरोघरी गेलं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांनी ही गायकी महाराष्ट्रात रुजवली, आणि तिथे कुणी 'ग्वालियर घराणं' म्हणत नाही.

शहराचं सगळ्यात जुनं लिखित नाव कोणतं?

'गोप'. किल्ल्यावर मातृचेट नावाच्या माणसाने सूर्याचं दगडी मंदिर बांधलं, त्याचा शिलालेख सापडला आहे. तो हूण राजा मिहिरकुलाच्या कारकिर्दीच्या १५व्या वर्षातला, म्हणजे सहाव्या शतकाच्या पूर्वार्धातला. त्यात या डोंगराला 'गोप' असं नाव आहे. नाव डोंगराचं आहे, गावाचं नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. शहर नंतर आलं आणि त्याने डोंगराचं नाव घेतलं.

त्यानंतर 'गोपगिरी', 'गोपाद्री', 'गोपाचल' अशी रूपं दिसतात. गिरी, अद्री, अचल, तिन्हींचा अर्थ डोंगरच. किल्ल्याच्या वाटेवरच्या चतुर्भुज मंदिरात विक्रम संवत ९३३चा, म्हणजे इ.स. ८७६चा शिलालेख आहे, त्यात प्रतिहार राजा भोजाच्या काळातलं 'गोपगिरी' येतं. हा तोच लेख, ज्यात देवाच्या फुलबागेची लांबी २७० हात लिहिताना शून्याचं वर्तुळ कोरलेलं आहे. जगभरचे लोक ते शून्य पाहायला येतात. त्याच दगडावर आपल्या गावाचं नावही आहे, तेही वाचून यावं.

'गोपाचल' हे रूप जैन परंपरेने जपलं. १५व्या शतकात तोमर राजे डुंगरसिंह आणि कीर्तिसिंह यांच्या काळात किल्ल्याच्या कड्यात मोठमोठ्या तीर्थंकरमूर्ती कोरल्या गेल्या. आजही त्या भागाला गोपाचल पर्वत म्हणतात. म्हणजे दीड हजार वर्षांचं नाव अजून वापरात आहे.

मग ग्वालिपा ऋषींची गोष्ट खोटी का?

गोष्ट अशी: सूरजसेन राजाला कुष्ठरोग होता. शिकारीत तहान लागली, डोंगरावर ग्वालिपा नावाचे साधू भेटले, त्यांनी कुंडाचं पाणी दिलं, राजा बरा झाला. त्याने कुंड मोठं करून किल्ला बांधला आणि साधूचं नाव दिलं. किल्ल्यावरचं सूरजकुंड त्याच नावाचं.

आजीने सांगितलेली गोष्ट म्हणून मला ती फार प्रिय आहे आणि मुलांना ती जरूर सांगावी. पण नावाचा उगम म्हणून ती पुढे करता येत नाही, कारण शिलालेखात 'गोप' आधी दिसतो. गुराख्यांच्या डोंगरावरून गुराखी साधू जन्माला आला, असंच बहुधा घडलं असावं. नावाचा अर्थ लोकांच्या मनात जागा होता, म्हणून तर गोष्टीतल्या साधूचं नावही 'ग्वाल'वरूनच निघालं.

लष्कर हे नाव कसं पडलं? आणि 'लष्कर' की 'लश्कर'?

दौलतराव शिंद्यांनी १८१०मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेला आपली छावणी टाकली. त्याआधी शिंद्यांची राजधानी उज्जैन होती. छावणीला फारसीत 'लश्कर', तेच नाव पडलं. तंबू गेले, वाडे आले, बाजार बसले, पुढे तेच राज्याचं मुख्य ठिकाण झालं, तरी नाव बदललं नाही. आमच्या घरात वडीलधारी माणसं लष्करात राहून 'जरा ग्वाल्हेरला जाऊन येतो' म्हणत. त्यांच्या लेखी ग्वाल्हेर म्हणजे किल्ल्याच्या पायथ्याचं जुनं गाव, लष्कर वेगळं आणि मुरार आणखी वेगळं. नवीन माणसाला हे बोलणं कोड्यासारखं वाटतं.

मराठीत 'ष' घालून लष्कर लिहितात, हिंदीत 'श' घालून लश्कर. दोन्हीकडे शब्द एकच. पुण्याचे लोक कॅम्पाला 'लष्कर' म्हणतात, तेव्हा तिकडून आलेल्या पाहुण्यांना आपला पत्ता समजायला अडचण येत नाही, फक्त शहर सांगावं लागतं.

कंपू, पडाव, हुजरात, गोठ: या नावांचा अर्थ काय?

सगळी नावं छावणीचीच आहेत. लष्करचा नकाशा समोर ठेवा आणि नावं मोठ्याने वाचा. दोनशे वर्षांपूर्वी कोणती तुकडी कुठे उतरली होती, याची यादी वाचल्यासारखं वाटतं. तळ उठलाच नाही, त्याचं गाव झालं. माझ्या मते ग्वाल्हेरच्या मराठी नावांची किल्ली हीच आहे, म्हणून एकेक नाव नीट पाहू.

कंपू: मूळ पोर्तुगीज 'कांपो', इंग्रजी 'कॅम्प'चा भाऊ. महादजी शिंद्यांनी १७८४मध्ये सॅव्हॉयच्या (आज फ्रान्सचा भाग) द बॉइन या सेनापतीला नोकरीत घेतलं आणि कवायती पलटणी उभ्या केल्या. त्या पलटणींच्या फौजेला मराठी कागदांत 'कंपू' म्हणतात. आज महाराष्ट्रात 'त्यांचा एक कंपू आहे' असं म्हणतात तेव्हा त्यात टोळक्याचा, थोडा नकोसा भाव असतो. आमच्याकडे कंपू म्हणजे रस्ता, दवाखाना, भाजीची गाडी, लहानपण. शब्द एकच, पण इथे त्याला मूळचा अर्थ टिकवता आला.

हुजरात: हे मराठी 'हुजुरात'. धन्याच्या थेट हुकमाखाली असणारी, खास त्याची फौज ती हुजुरात. सरदारांच्या पथकांपासून ती वेगळी. हिंदी बोलण्यात मधला उकार गळून 'हुजरात' झालं आणि आता पुलाला आणि रस्त्याला तेच नाव आहे. कित्येकांना ते 'हजरत'वरून आलंसं वाटतं. तसं नाही.

पडाव: मुक्काम, तळ. यात अधिक सांगण्यासारखं काही नाही.

गोठ: इथे मात्र थांबायला हवं. चिटनीस की गोठ, बक्षी की गोठ, पान पत्ते की गोठ, अशी नावं आपण रोज घेतो. बाहेरची मराठी माणसं हे ऐकून विचारतात, इथे गाईंचे गोठे होते का? मला या 'गोठ'मध्ये मराठी 'गोट' दिसतो. गोट म्हणजे सैन्याचा किंवा सरदाराच्या माणसांचा तळ. 'विरोधकांच्या गोटात हालचाल' असं वर्तमानपत्रात छापतात, तोच हा गोट. चिटणीस म्हणजे पत्रव्यवहार पाहणारा अधिकारी, बक्षी म्हणजे फौजेचा पगार वाटणारा. या दोघांच्या माणसांचा उतारा जिथे होता ते त्यांचे गोट. हिंदीत 'गोठ' हा शब्द आधीपासून होता, त्यामुळे ट चा ठ व्हायला वेळ लागला नसेल. योगायोग असा, की 'गोठा' हा शब्द संस्कृत 'गोष्ठ' म्हणजे गाईंच्या जागेवरून आलेला आहे. गुराख्यांच्या डोंगराखाली गोठ नावाचे मोहल्ले असावेत, हे मला मनापासून आवडतं.

याच यादीत 'शिंदे की छावनी' घ्या, आणि 'खासगी बाजार'ही. खासगी म्हणजे राजघराण्याचा स्वतःचा खर्च आणि मालमत्ता. आजच्या मराठीत 'खासगी शाळा', 'खासगी बस' म्हणतात त्याच्याही मुळाशी हाच शब्द आहे. चावडी बाजारातली 'चावडी' तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावाला ठाऊक आहे.

दाना ओली, डीडवाना ओली, चितेरा ओली. ही 'ओली' म्हणजे काय?

मराठी 'ओळ'. एका धंद्याच्या दुकानांची रांग. नागपूरच्या इतवारीत सराफा ओळी, लोहा ओळी म्हणतात ना, तेच. हिंदीत ळ नसल्यामुळे ल झाला. दाना ओलीत धान्याचे व्यापारी, चितेरा ओलीत चित्रं काढणारे चितारी आणि डीडवाना ओलीत राजस्थानातल्या डीडवानाहून आलेली मंडळी, असा सरळ अर्थ लागतो. यातला 'ओली' पाहून कुणी 'ओली जागा' असा अर्थ सांगतात, तो सोडून द्यावा.

फालका बाजार, मांढरे की माता, ढोली बुआ का पुल: ही मराठी आडनावं आहेत का?

हो, आणि प्रत्येकात हिंदी उच्चाराने थोडा फरक पडला आहे.

फालका म्हणजे फाळके. शिंदेशाहीतलं नामांकित सरदार घराणं. ळ चा ल झाला आणि शेवटचा एकार जाऊन आकार आला. 'फालका' हा काही पदार्थ असावा, असं नव्या मुलांना वाटतं. पाटणकर बाजारात ण चा न झाला, तेवढाच बदल.

मांढरे की माता म्हणजे कंपूच्या टेकडीवरची महिषासुरमर्दिनी. ग्वाल्हेरचे राजे जयाजीराव शिंदे यांच्या काळात मांढरे सरदारांनी हे देऊळ उभं केलं. वाईजवळच्या मांढरदेवची काळूबाई महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे, तोच 'मांढर' या आडनावात आहे. इंग्रजी पाट्यांवर यातला ढ चा ड होतो आणि मग बाहेरचे 'मांद्रे' असंही वाचतात. नवरात्रात टेकडीवर जाल तेव्हा पाटीकडे पाहा.

ढोली बुआची गोष्ट वेगळी. हे मराठी 'ढोलीबुवा'. बुवा म्हणजे कीर्तनकार, साधुपुरुष. हिंदीत 'बुआ' म्हणजे आत्या! त्यामुळे हिंदी शेजाऱ्यांची मुलं विचारतात, की या ढोली नावाच्या आत्याबाई कोण होत्या. ढोलीबुवा महाराजांचा मठ लष्करात आहे. दर डिसेंबरला हजीऱ्यावर तानसेनाच्या समाधीपाशी संगीत समारोह होतो, त्याचा आरंभ ढोलीबुवा महाराजांच्या हरिकथेने आणि मिलादने, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतिगानाने, होतो. एका 'व'साठी एवढं लिहितो आहे, कारण तो 'व' गेला तर कीर्तनाची अख्खी परंपरा त्या नावातून दिसेनाशी होते.

शिंदे, सिंधिया आणि इंग्रजीतला तो 'एस सी' कसा आला?

घराणं साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचं, आडनाव शिंदे. उत्तरेत ते 'सिंधिया' म्हणून बोललं जाऊ लागलं. इंग्रजांनी ते ऐकून कधी 'एस आय एन'ने, कधी 'एस सी आय एन'ने सुरू करून लिहिलं. १८०३च्या युद्धाच्या वेळच्या इंग्रजी पत्रांत तर शेवटी एक 'एच'ही दिसतो. पुढे 'एस सी' वालं रूप छापून छापून पक्कं झालं. तो मधला 'सी' कुठल्याच भाषेत उच्चारला जात नाही.

आज मराठी वर्तमानपत्रं 'शिंदे' लिहितात आणि हिंदी वर्तमानपत्रं त्याच व्यक्तीला 'सिंधिया'. संस्थांच्या नावांत मात्र बदल करू नये: किल्ल्यावरच्या शाळेचं नाव सिंधिया स्कूल आहे, विमानतळ राजमाता विजयाराजे सिंधिया यांच्या नावाचा आहे, ती नोंदलेली नावं आहेत. मला नेहमी नवल वाटतं ते 'शिंदे की छावनी'चं. सगळीकडे सिंधिया झालं, पण रिक्षावाल्याच्या तोंडी अजून 'शिंदे'च आहे. मोहल्ल्याने मूळ आडनाव सांभाळलं.

जयाजी, जियाजी, जिवाजी, जीवाजी. हे चार राजे होते का?

राजे दोन, लेखनं चार. जयाजीराव (कारकीर्द १८४३–१८८६) आणि त्यांचे नातू जिवाजीराव, जे १९२५मध्ये गादीवर आले. मधले माधवराव. हिंदी बोलण्यात 'जयाजी'चं 'जियाजी' झालं, म्हणून लष्करातल्या महाराज बाडा या चौकाचं दुसरं नाव जियाजी चौक आणि बिर्लानगरच्या गिरणीचं नाव जियाजीराव कॉटन मिल. 'जियाजी' पाहून ते जिवाजीराव समजण्याची चूक फार होते. विद्यापीठ मात्र जिवाजीरावांच्या नावाचं, १९६४मध्ये स्थापन झालेलं.

राहिला ऱ्हस्व-दीर्घाचा वाद. मराठीत शेवटचा नसलेला इकार अशा नावांत ऱ्हस्व राहतो: शिवाजी, जिवाजी. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' या म्हणीतला जिवा तोच. हिंदीत 'जीव' डोळ्यासमोर ठेवून 'जीवाजी' लिहितात आणि विद्यापीठाचं अधिकृत हिंदी नाव तसंच आहे. 'जुन्या कागदात बघा, म्हणजे खरं कळेल' असं काही जण म्हणतात. जुना कागद मोडीत असतो आणि मोडी लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ सहसा वेगळे काढतच नाहीत. तिथे हा वाद सुटणार नाही.

जनकगंजचंही सांगून टाकतो. त्याचा राजा जनकाशी संबंध नाही, जनकोजीराव शिंद्यांशी आहे. दौलतगंज दौलतरावांचं.

'वाडा' असताना 'बाडा' का म्हणतात?

हिंदीत व चा ब होणं जुनंच आहे: वर्ष–बरस, वन–बन, वाडा–बाड़ा. आमच्या आईच्या पिढीने घरात 'वाडा' आणि बाजारात 'बाडा' असं दोन्ही सहज वापरलं. 'बाड्यावर जाऊन येते' हे वाक्य अस्सल ग्वाल्हेरी मराठी आहे आणि त्याची लाज वाटायचं कारण नाही.

ळ बद्दल मात्र थोडी काळजी घ्यावी. काळे लिहिताना काले, शितोळे लिहिताना शितोले, होळकर लिहिताना होलकर, हे हिंदी पाटीवर होणारच. पण मराठी मजकुरात, निदान घरच्या पत्रिकेत, ळ लिहावा. हिंदी कीबोर्डवर तो सापडतो, थोडं शोधावं लागतं.

'पुर' की 'पूर'?

मराठीत गावाच्या नावाअखेरचं 'पूर' दीर्घ, हा साहित्य महामंडळाच्या १९६२च्या लेखननियमांतला नियम आहे. म्हणून थाटीपूर, जबलपूर, शाजापूर. हिंदीत ऱ्हस्व.

इंग्रजीत पूर्वी 'जी यू' आणि आता 'जी डब्ल्यू' का?

जुन्या इंग्रजी पुस्तकांत 'जी यू ए एल' अशी सुरुवात दिसते, आणि शेवट कधी 'ए आर', कधी 'ओ आर'. 'ए आर' हा फारसी 'ग्वालियार'चा ठसा. १८७०च्या दशकात विल्यम विल्सन हंटर यांनी देशी नावं रोमन लिपीत लिहिण्याची एक पद्धत बसवली आणि सरकारी गॅझेटियरात ती चालू झाली. तरी आधीपासून रुळलेली काही स्पेलिंगं तशीच ठेवली गेली. आजचं स्पेलिंग त्या काळात पक्कं झालं. रेल्वेचा संक्षेप 'जी डब्ल्यू एल' त्याच्यावरूनच.

मुरार आणि हजीरा?

मुरार हे तिथल्या नदीचंही नाव. इंग्रजीत 'एम ओ'ने सुरू होतं, म्हणून काही जण 'मोरार' म्हणतात. ती इंग्रजांच्या फौजेची जागा. १८५७च्या जूनमध्ये ग्वाल्हेर कंटिंजंटच्या, म्हणजे शिंद्यांच्या राज्यातल्या पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेच्या, शिपायांनी उठाव केला तो इथेच. १८८६मध्ये किल्ला शिंद्यांना परत मिळाला, त्याच्या बदल्यात झाशी इंग्रजांकडे गेली.

हजीरा हा अरबी शब्द, कबरीभोवतीचं कुंपण किंवा आवार. सूफी संत महंमद घौस यांची कबर आणि शेजारी तानसेनाची, यावरून ते नाव.

सासबहूचं मंदिर खरंच सासू-सुनेचं आहे?

नाही. मोठ्या मंदिरातल्या संवत ११५०च्या, म्हणजे इ.स. १०९३च्या शिलालेखात देवाचं नाव पद्मनाथ आहे, म्हणजे विष्णू. कच्छपघात राजा पद्मपालाने काम सुरू केलं आणि महिपालाने पुरं केलं. 'सहस्रबाहू'चं सासबहू झालं, असं गाइड सांगतात. मला वाटतं, एक मोठं आणि शेजारी एक धाकटं देऊळ पाहून लोकांनी जोडीला नाव दिलं. राजस्थानात नागद्यालाही अशीच थोरली-धाकटी जोडी आहे आणि तिलाही सासबहूच म्हणतात.

आसपासच्या गावांची जुनी नावं कोणती?

पवाया म्हणजे प्राचीन पद्मावती, भवभूतीच्या मालतीमाधव नाटकातलं नगर. शिवपुरीला पूर्वी सिप्री म्हणत, जुन्या शिंदेशाही कागदांत तेच सापडेल. भेलशाचं विदिशा १९५६मध्ये झालं. तेव्हा आजोबांच्या बदलीच्या हुकमात 'भेलसा' दिसलं तर ते गाव नकाशावर शोधत बसू नका. मंदसोर म्हणजे कालिदासाने उल्लेखलेलं दशपूर.

मुंबईच्या गवालिया टँकचा ग्वाल्हेरशी संबंध आहे का?

शहराशी नाही. तिथे गवळी गुरं धुवायला आणत, म्हणून ते नाव. वऱ्हाडातल्या गाविलगडाचंही तसंच, तोही गवळ्यांचा. मूळ शब्दाचं नातं मात्र तिन्ही ठिकाणी एकच आहे.

सरकारी कागदावर कोणतं रूप लिहावं?

तुमच्या आधीच्या कागदावर जे असेल ते, एका अक्षराचाही फरक न करता. आमच्या वडिलांच्या दाखल्यात जन्मस्थान 'लश्कर' होतं आणि नंतरच्या कागदात 'ग्वालियर'. एका कार्यालयात ही दोन वेगळी गावं धरली गेली आणि निवृत्तिवेतनाचं काम चार महिने अडलं. शेवटी दोन्ही नावं एकाच शहराची आहेत, असं प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागलं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो: जन्मस्थान लिहिताना 'लश्कर, ग्वालियर' असं जोडूनच लिहा. पत्रिका, कीर्तनाचं आमंत्रण, मंडळाचा अहवाल, इथे मात्र ग्वाल्हेर, लष्कर, वाडा मोकळेपणाने लिहावं.

आमच्या गल्लीचं जुनं नाव फक्त आजीला माहीत आहे. ते कसं नोंदवून ठेवू?

आधी फोनवर तिचा आवाज ध्वनिमुद्रित करा. ती ळ म्हणते की ल, गोट म्हणते की गोठ, हे कागदावर नीट उतरत नाही. मग तिच्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहा, स्वतःहून शुद्ध करू नका. खाली तारीख आणि सांगणाऱ्याचं वय घाला. घरात जुनं घरपट्टीचं पावतीपुस्तक, गहाणखत, लग्नाचा आहेर लिहिलेली वही असेल तर तिचे फोटो काढा. मोडी येत नसेल तरी फोटो काढून ठेवा, वाचणारा पुढे मिळेल.

आणि तिला एवढं विचाराच: 'तुझ्या सासूबाई या गल्लीला काय म्हणायच्या?' मी माझ्या आजीला हा प्रश्न विचारला तेव्हा तिने आमच्या गल्लीचं असं एक नाव सांगितलं, जे मी त्याआधी कधीही, कुठल्याही पाटीवर पाहिलं नव्हतं.